निव्वळ गव्हाची

कुंताबाईने तांदळाच्या पिठाचं दुसरं वाडगं पातेल्यात उपडं केलं आणि ती हाताने गुठळ्या मोडायला लागली, तेवढ्यात दारातून खोकल्याचा आवाज आला. सिस्टर अपोलिना उभी होती.

"हे काय घातलंस, कुंताबाई?"

"पीठ भिजवून राहिली, सिस्टर."

"तांदळाचं?"

"एक वाडगं गव्हाचं, एक तांदळाचं. रोजचंच." कुंताबाई हसली. "आज लवकर आल्या? झाली का प्रार्थना?"

प्रार्थना झाली नव्हती. खोकला आवरेना म्हणून अपोलिना सकाळच्या स्तोत्रांतून मध्येच उठून आली होती. एरवी ती या खोलीत पाऊल टाकायची तेव्हा पीठ भिजलेलं असायचं आणि विजेचा साचा तापलेला असायचा. मग कुंताबाईने कागदासारखे पातळ पापुद्रे भाजायचे, अपोलिनाने त्यांतून गोल ओस्त्या कापून डब्यात भरायच्या. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, धर्मगुरू हातात धरतात आणि मग भाविकांच्या जिभेवर ठेवतात ती ओस्ती. भाजताना कोणी बोलायचं नाही, मनातल्या मनात जपमाळ म्हणायची, असा मठाचा नियम होता. नियम चांगलाच म्हणायचा. पण त्याच्यापायी इतक्या वर्षांत कुंताबाईला एक साधी गोष्ट सांगायची राहून गेली होती.

गोष्ट एका ओळीची. ओस्ती निव्वळ गव्हाची हवी. त्यात दुसरं धान्य निम्म्याने मिसळलं की ती नुसती भाकर. मग धर्मगुरूंनी तिच्यावर शंभरदा शब्द उच्चारले तरी तिचं ख्रिस्ताचं शरीर होत नाही.

"कधीपासून घालतेस?"

"क्लारा सिस्टर गेल्या तवापासून. मागची दिवाळी." अपोलिनाचा चेहरा पाहून कुंताबाईचा हात पातेल्यातच थांबला. "काहून वो? निस्त्या गव्हाचं साच्याले चिकटते. करपून जाते सारं. तांदूळ घातला का कसं पटकन सुटते. तुमीच तं म्हणत होत्या, किती पांढऱ्या निघून राहिल्या म्हणून."

म्हणत होती खरी. सगळ्याच म्हणत होत्या. साचा जुना झालेला. आधी पीठ भिजवणाऱ्या सिस्टर क्लाराच्या शेवटच्या दिवसांत निम्म्या ओस्त्या करपायच्या, चर्चं एकेक करून दुसरीकडून मागवू लागली होती. मठाच्या मागच्या अंगाला अकरा खाटांचं घर होतं, अंथरुणाला खिळलेल्या आणि कोणी न उरलेल्या बायांचं. ते सगळं ओस्त्यांच्या विक्रीवर चालायचं. बाहेरून येणारी मदत कधीच आटली होती. त्या वर्षी घर बंद करायची भाषा सुरू झाली होती. आणि क्लारा गेल्यावर एकाएकी ओस्त्या अशा देखण्या उतरायला लागल्या की गेलेली चर्चं परत आली, नवी जोडली गेली. सातही सिस्टर म्हणायच्या, क्लारा वरून कृपा करते आहे. कसली कृपा अन् कसलं काय! आसगावच्या शेतकऱ्यांनी बायांच्या पेजेसाठी धर्मादाय दिलेला तांदूळ होता तो.

अपोलिनाने तिला सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. कुंताबाई ऐकत राहिली आणि मग तिचे डोळे भरले.

"देवाले तांदूळ चालत नाही?"

"यात चालत नाही."

"असा कसा वो देव? आमच्यात लगीन लागत नाही तांदळाशिवाय. अन् तुमचा देव इतल्या धानाच्या मुलखात येऊन बसला, अन् म्हणते तांदूळ नोको!" तिने पदराने डोळे पुसले. "माहा काय हेतू वाईट नव्हता, सिस्टर."

"माहीत आहे गं मला," अपोलिना म्हणाली आणि बाहेर पडली. तिला खरंच रागावता आलं नाही.

अंगणातल्या बाकावर ती बसून राहिली. तेवीस वर्षांची असताना ती वसईहून इथे आली होती. त्या रागाने वडील आठ वर्षं बोलले नव्हते. तेव्हा वाटायचं, देव इतका जवळ आहे की हात लांबवायचा अवकाश. पुढे कधीतरी तो जवळपणा गेला. कधी गेला ते तिलाही सांगता आलं नसतं. स्तोत्रं तोंडाने म्हटली जायची, जपमाळ बोटांनी फिरायची, आणि आत ठणठणाट. हे तिने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. एकच उरलं होतं. सकाळी ओस्ती जिभेवर आली की मिनिटभर तो असायचा. नक्की असायचा. त्या मिनिटावर ती उरलेला दिवस ढकलायची, बायांचं गू-मूत काढायची, डबे भरायची. गेलं वर्षभरही तो असायचाच. मग ते काय होतं? मी कोणाला भेटत होते?

ती उठून मठाच्या प्रमुख मदर थेक्लांकडे गेली.

मदर खाटांच्या घरात गोदावरीबाईला कुशीवर वळवून पाठीवरची जखम धूत होत्या. मूळच्या त्या केरळच्या, पण मराठी शिकल्या ती या खाटांवरच्या बायांकडून, म्हणून त्यांच्या तोंडी 'मला-तुला' कधी आलंच नाही. अपोलिनाने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. वर्षभर तांदूळ. पन्नास-साठ चर्चं. इतक्या मिस्सा, इतके लोक.

मदरांनी कापूस पाण्यात बुडवला, पिळला.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

अपोलिनाला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. "मदर, ओस्त्यांत तांदूळ—"

"पयल्याच दिवशी समजलं. जिभेवर आली अन् समजलं. मी तांदळावर वाढलेली, अपोलिना. तुमा वसईवाल्यांले पाव कळते, मले तांदूळ कळते."

"आणि तुम्ही गप्प बसलात? वर्षभर?"

आवाज चढला होता. गोदावरीबाईने भिंतीकडचं तोंड थोडं वळवलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात तिचं गाव गेलं, नव्या वसाहतीत मुलांना दोन खोल्या मिळाल्या, आणि त्या दोन खोल्यांत ही काही मावली नाही. मठाच्या फाटकाशी आणून ठेवली होती तिला. जीभ मात्र शाबूत होती.

"कायले भांडता वो सवतीवानी?" ती म्हणाली. "मंग काय, तुमचा तं नवरा एकच, वरचा. भांडानच तुमी."

मदर हसल्या, अगदी मनापासून. अपोलिनाला रडू फुटलं.

"रडू नोको," मदर म्हणाल्या. "ऐक. तुमी साऱ्याजणी विश्वासानं घेता. चर्चातले लोक विश्वासानं घेतात. ज्याले माहीत नाही त्याले देव उपाशी ठेवत नसंल, असं धरून मी चालली. खरं का खोटं, मले माहीत नाही. पण मले तं माहीत होतं ना? मले वर्षभर निस्ता तांदूळ भेटला."

"फादरांना नाही सांगितलं? पापनिवेदनात?"

"सांगतलं तं ते म्हणतीन, बंद करा. बंद करायचं नाही अन् माफी मांगायची, हे कसं जमंल?" त्यांनी जखमेवर पट्टी ठेवली, हलकेच दाबली. "म्हणून नाही सांगतलं. वर्ष झालं, पापनिवेदनालेच गेली नाही."

मदर थेक्ला. ज्यांना पाहून नवशिक्या मुली गुडघे टेकायला शिकायच्या, त्या. वर्षभर त्या अशा राहिल्या होत्या, आतून उपाशी, आणि कोणाला पत्ता नव्हता.

"तुम्हाला काही झालं तर? असंच गेलात तर?"

"तं जाईन जिथं जायाचं तिथं. घाबरते मी, अपोलिना. लई घाबरते." त्यांनी गोदावरीबाईचं लुगडं सारखं केलं. "पण आधी हे सांग, ही कुठं जाईन?"

अपोलिनाने मळक्या पाण्याचं भांडं उचललं.

"तुले माहीत झालं, हे वाईट झालं. नाही व्हायले पायजे होतं." मदर उठल्या तेव्हा त्यांचे गुडघे वाजले. "आता मी तुले गप बस म्हणणार नाही. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही. तू बिशपांले चिठ्ठी लिही. मी सही करते."

दुपारी अपोलिना कागद घेऊन बसली. 'आदरणीय बिशप महोदय' एवढं लिहून झालं. पुढचं वाक्य मनात तयार होतं, अगदी स्पष्ट. तेवढ्यात लीलाबाईने पाणी मागितलं. पाणी पाजून परत आली तर पलीकडची अंथरूण ओलं करून बसलेली. चादर बदलली, आली. गोदावरीबाईला सूर्य डोळ्यांवर येत होता. पडदा ओढला, आली. असं चार-पाच वेळा झालं. कोणाच्याही हाकेला ती इतक्या तत्परतेने कधी गेली नव्हती. शेवटी ती कोणी हाक मारायची वाट पाहत बसली, आणि आपण वाट पाहतो आहोत हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची किळस आली. कागद तिने फाडला नाही. बायबलमध्ये घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्तोत्रांना गेलीच नाही, सरळ भाजायच्या खोलीत गेली. कुंताबाई तिच्याही आधी आलेली. साच्याला काळंकुट्ट काहीतरी चिकटलं होतं, खाली टोपलीत करपलेले तुकडे पडले होते, आणि कुंताबाई सुरीने साचा खरवडत होती. करपट वासाने खोली भरली होती.

"निस्तं गव्हाचं घेतलं, सिस्टर. तुमी सांगतल्यावानी." तिचा चेहरा रडवेला झाला होता. "तीनदा केलं. एक नाही सुटली धड. नाताळ तोंडावर आलं, साऱ्या चर्चांचे डबे बाकी हायेत. आता का करू?"

नियम बोलायचं नाही असा होता, आणि अपोलिना बोलली नाही. तिने कुंताबाईच्या हातातली सुरी घेतली, साचा स्वच्छ केला, ओल्या फडक्याने पुसला. मग कोपऱ्यातला डबा उघडून वाडगं भरून तांदळाचं पीठ घेतलं आणि पातेल्यात घातलं. हाताने गुठळ्या मोडल्या. पीठ बोटांना थंड लागलं. कुंताबाई टक लावून पाहत होती. तिला काय वाटलं कोण जाणे. बहुधा तिला एवढंच कळलं की आपल्यावरचा आळ गेला. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि साचा तापायला लावला.

पहिला पापुद्रा अलगद सुटला. पांढराशुभ्र.

मिस्सेची घंटा झाली. पवनीहून मोटरसायकलवर येणारे फादर कानटोपी काढून वेदीपाशी उभे राहिले होते. अपोलिना हात धुऊन आपल्या जागेवर गेली. बाकावर बसून राहता आलं असतं. पण का उठली नाहीस, असं कोणी तरी विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. ती रांगेत उभी राहिली. पुढे मदर होत्या.

"ख्रिस्ताचे शरीर," फादर म्हणाले.

"आमेन," मदर म्हणाल्या. स्वच्छ, खणखणीत. वर्षभर त्या रोज असंच म्हणत आल्या होत्या, आणि आपण मागे उभं राहून ते ऐकत आलो, कौतुकाने. मदर बाजूला झाल्या, समोरची जागा मोकळी झाली.

"ख्रिस्ताचे शरीर."

"आमेन," अपोलिना म्हणाली. आवाज जराही कापला नाही.