दोन विहिणी, दोन दिवस

लाँड्रीवाल्या बाईंना आयुष्यात दोनच गोष्टींची धास्ती होती: रेशमावर पडलेला शाईचा डाग आणि त्यांच्या विहीणबाई. विहीणबाई छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं की आपण कुठलं तरी पुस्तक परत करायचं विसरलोय असं समोरच्याला वाटायलाच हवं. मुलांच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी दोघींचं बोलणं 'तुम्ही घ्या', 'नाही, आधी तुम्ही' याच्यापुढे सरकलं नव्हतं.

मुलांनी नवं घर घेतलं तेव्हा दोघींनी आठवडाभर राबून सगळं सामान लावून दिलं. लाँड्रीवाल्या बाईंचे लेक-जावई खूश झाले. "आता दोघी मिळून दोन दिवस कुठेतरी फिरून या," त्यांनी जाहीर केलं, "आमच्यातर्फे!"

दोघींनाही तिथून पळून जावंसं वाटलं. दोघीही म्हणाल्या, "अय्या, किती छान!"

मग फोन सुरू झाले.

"कुठे जाऊ या?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

"छे छे, तुमची आवड महत्त्वाची."

चार दिवस हेच. सहल जागची हलेना. शेवटी लेक वैतागली. "आई, या कामासाठी सल्लागार असतात. मी वेळ घेतलीय, गुपचूप जा दोघी."

हे ऐकून लाँड्रीवाल्या बाईंचे यजमान उसळलेच. ते मोजणी खात्यातले, निवृत्त; घरातला आरसासुद्धा लेव्हल लावून टांगणारे. "दोन दिवसांना सल्लागार? उद्या जिना उतरायला वाटाड्या लावाल! मोबाईलवर दहा मिनिटांचं काम आहे." ते मोबाईल घेऊन बसले, आणि दोन तासांनी त्यांनी एका तलावाकाठच्या पांढऱ्याशुभ्र हॉटेलाचा फोटो बाईंच्या नाकासमोर धरला. "हे बघ. झालं."

"छान आहे हो," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात शेवटच्या शर्टाच्या कॉलरला चिठ्ठी टाचून विहीणबाईंबरोबर सल्लागाराकडे गेल्या. वेळ घेतलीच होती ना.

सल्लागाराचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. मध्ये प्लायवुडचं पार्टिशन, भिंतीवर गाड्यांच्या वेळांचे तक्ते, त्यांवर पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या. सल्लागार निघाल्या आखूड केसांच्या, पन्नाशीतल्या बाई.

लाँड्रीवाल्या बाईंनी धीर करून विचारलं, "खरं सांगा हं. एवढ्याशा सहलीला तुमची गरज असते का?"

"बऱ्याचदा नसते," सल्लागारबाई म्हणाल्या. "कुठे जायचं, काय करायचं ते ठरलेलं असेल तर घरबसल्या होतं सगळं. तुमचं काय ठरलंय?"

"यांना आवडेल ते," दोघी एकदम म्हणाल्या.

"म्हणजे काहीच नाही." सल्लागारबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "पंधरा दिवसांत एखादा दिवस फुकट गेला तर खपून जातं. दोनातला एक गेला तर अर्धी सहल गेली. असं करा, एकेकीने बोला माझ्याशी. दुसरीने बाहेर बसायचं."

पहिली पाळी विहीणबाईंची. लाँड्रीवाल्या बाई बाकावर बसल्या, आणि प्लायवुडला काय, आवाज अडवण्याची सवयच नव्हती.

"मला ना," विहीणबाईंचा आवाज आला, जरा घुटमळून, "मला मोठ्याने ओरडायचंय."

"कुणावर?"

"कुणावर नाही हो. नुसतंच. छत्तीस वर्षं मी लोकांना 'शू' म्हणत आलेय. मी तर शिंकसुद्धा गिळते."

लाँड्रीवाल्या बाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला. हसू आवरता आवरता डोळ्यांतून पाणी आलं. ही बाई आणि ओरडणार!

त्यांची पाळी आली तेव्हा त्या आधीच निम्म्या सैल झाल्या होत्या. "मला भिजायचंय," त्यांनी सांगून टाकलं. "आणि मग तसंच ओलं राहायचंय. कुणी पिळायचं नाही, वाळवायचं नाही, इस्त्री करायची नाही. सुरकुत्या पडू देत!"

सल्लागारबाईंनी दोन फोन केले आणि एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या.

बस सकाळची होती. वाटेत तलाव लागला आणि काठावर ते यजमानांचं हॉटेल दिसलं. दिसलं म्हणजे काय, डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या जाळीत गुंडाळलेलं, परांचीवर माणसं चढलेली आणि ड्रिलचा आवाज बसच्या काचा थरथरवणारा.

"आमच्या यांचं ऐकलं असतं तर आपण इथे आलो असतो," लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या. विहीणबाईंनी चष्म्यावरून त्या हॉटेलाकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या! आवाज न करता, पण हसत होत्या.

कागदावरची जागा म्हणजे नदीचा उतार. तिथे रबरी होड्यांतून लोकांना लाटांवरून खाली नेत. होडीवाल्याने दोघींचे पिकले केस बघून हात वर केले.

"मावशी, साठीच्या पुढे नेत नाही आम्ही."

"आमच्या सल्लागारबाईंनी फोन केलाय तुम्हाला," लाँड्रीवाल्या बाईंनी कागद पुढे केला.

"अच्छा, ओरडणाऱ्या आणि भिजणाऱ्या का? मग या. तुमच्यासाठी खालचा, कमी ओढीचा टप्पा सांगितलाय. पण लाइफ जॅकेट घट्ट बांधा."

कमी ओढीचा म्हणे! पहिल्याच उताराला होडीचं तोंड आभाळाकडे गेलं, मग सरळ पाण्यात, आणि बादलीभर नव्हे, हौदभर पाणी लाँड्रीवाल्या बाईंच्या अंगावर कोसळलं. आणि शेजारून असा काही आवाज निघाला की काठावरची सगळी बदकं उडाली. विहीणबाई ओरडत होत्या. डोळे मिटून, तोंड उघडून, छत्तीस वर्षांची सगळी थकबाकी एकदम वसूल करत.

दुसरा उतार आला तसा लाँड्रीवाल्या बाईंचा हात सुटला.

"अगं ए! धर ना दोरी! पडशील!" विहीणबाई किंचाळल्या.

होडी सपाट पाण्यात आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तुम्ही मला 'अगं ए' म्हणालात," लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या.

"अगंबाई, हो की! माफ करा हं, मी चुकून..."

"माफ कसलं, आता तेच चालू ठेव." बोलून झाल्यावर बाईंना कळलं की आपणही तेच केलंय. मग जे हसू फुटलं ते काही थांबेना. दोघींची मुरकुंडी वळली. होडीवाल्याने वल्ही आवरली आणि तो वाट बघत बसला.

त्या दुपारी दोघी ओल्याचिंब लुगड्यांनी उन्हात बसून राहिल्या. कुणी काही पिळलं नाही.

परतल्यावर स्टँडवर यजमान न्यायला आले होते. विहीणबाई रिक्षात बसून गेल्या तशी त्यांनी बॅग उचलली आणि विचारलं, "काय, त्या बाईंनी असं काय केलं जे मोबाईलवर झालं नसतं?"

लाँड्रीवाल्या बाईंनी विचार केला. बस, खोली, होडी, यातलं सगळं मोबाईलवर झालं असतं. "त्यांनी विचारलं हो," त्या म्हणाल्या, "मला काय हवंय ते. आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला कुणी विचारलंय कधी? तुम्हाला काय हवंय?"

यजमान बॅग घेऊन तरातरा चालू लागले. वाण्याचं दुकान गेलं, शाळा गेली, गल्लीचं वळण गेलं. बाईंना वाटलं, रागावले. दाराशी येऊन त्यांनी बॅग खाली ठेवली आणि घसा खाकरला.

"मला उंटावर बसायचंय."

बाई बघतच राहिल्या. "कधीपासून?"

"सातवीपासून," यजमान म्हणाले, अगदी गंभीरपणे.

बाईंना इतकं हसू आलं की किल्ली काही केल्या कुलपात जाईना. तीनदा चुकली. शेवटी यजमानांनी ती त्यांच्या हातातून घेतली, पण तोवर त्यांचाही हात हसण्याने हलायला लागला होता.