मधली अक्षरं कापलेलं पाकीट

ती अक्षरं तुम्ही कापलीत, मालक. चोराने जे करायचं ते केलंच, पण त्याला आडोसा तुम्ही बांधून दिलात. एका बाईचं सगळं गेलं तेव्हा मात्र हात झटकून मोकळे झालात. आता मी बोलणार आहे, आणि मुलांसमोर बोलणार आहे.

मित्रांनो, मी एक जुनं पाकीट आहे. मला ना चामडं, ना चेन. मी मोबाइलमध्ये राहतो. लोकांना वाटतं, आभासी नाणी माझ्या पोटात असतात. तसं नाही. नाण्यांची नोंद जगभर पसरलेल्या, कुणालाही वाचता येणाऱ्या एका खात्यात असते. माझ्यापाशी असते ती फक्त किल्ली. प्रत्येक पाकिटाला एक पत्ता असतो, चाळीसेक अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. त्या पत्त्यावर नाणी गेली की गेली. ती हाका मारून परत येत नाहीत.

माझा जन्म, मालक, तुमच्या कंपनीतल्या काचेच्या भिंतींच्या एका थंडगार खोलीत झाला. तिथे काम करणारी एक मुलगी म्हणाली होती, "पत्ता पूर्ण दाखवूया ना." तुम्ही, मालक, माझ्या पडद्याकडे बघून नाक मुरडलंत. "केवढं हे शेपूट! गबाळं दिसतं. पुढची चार ठेवा, मागची चार ठेवा, मध्ये टिंबं टाका. कोण वाचत बसलंय?" मध्ये तीन टिंबं बसली. माझं रूप देखणं म्हणून तुम्हाला बक्षीससुद्धा मिळालं.

मग मी ताईकडे आलो. ताई कपडे शिवायची. रस्त्याला लागून एक खोली, पुढे शिलाई मशीन, पडद्यामागे संसार. तिचा धाकटा भाऊ, ज्याला ती बारक्या म्हणायची, समुद्रापलीकडे जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. एका खोलीत माणसं गाद्यांना गाद्या लावून झोपायची, त्यात तो. उरेल तो पगार नाणी करून माझ्यात टाकायचा. म्हणायचा, "माझ्याकडे ठेवलं तर मी उडवीन. तुझ्या हातातून कात्रीशिवाय काही सुटत नाही." त्याला तिथे दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या होत्या आणि बायको-मुलीला बोलावून घ्यायचं होतं. मुलगी बापाला फक्त फोनच्या पडद्यावर ओळखायची.

ताईने मला जिवापाड जपलं. माझी किल्ली हरवली तर परत मिळवून देणारे बारा शब्द तिने कापडी पट्टीवर लिहिले आणि जुन्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकले. एकदा कुणीतरी फोनवर गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, मी पाकिटाच्या ऑफिसातून बोलतोय. ते बारा शब्द जरा सांगता का?"

"अरे बाबा, बाईच्या कमरेचं माप मी तिच्या नवऱ्यालाही सांगत नाही. तुला बारा शब्द सांगू होय?" ताईने फोन आपटला. मला तिचा केवढा अभिमान वाटला होता!

मग एके दुपारी बारक्याचा फोन आला. "ताई, घर मिळालं! खिडकीतून झाड दिसतं. घरमालक संध्याकाळपर्यंत थांबतोय. सगळं पाठव. पण आधी चिमूटभर पाठवून बघ हं."

तिने त्याने धाडलेल्या पत्त्यावर चिमूटभर पाठवलं. "आलं गं!" तो ओरडला आणि कामाला पळाला.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं होतं. पण खातं उघडं असतं ना, तिथे चोराची यंत्रं टपून बसलेली होती. त्यांनी बारक्याच्या पत्त्यासारखा पत्ता तयार केला. पुढची चार अक्षरं तीच, मागची चार तीच, मधली सगळी परकी. आणि त्या पत्त्यावरून माझ्याकडे कणभर नाणं आलं. मला पूर्ण पत्ता दिसत होता, मित्रांनो. पण पडद्यावर मी तेवढंच दाखवू शकत होतो जेवढं मला शिकवलं होतं. चार अक्षरं, तीन टिंबं, चार अक्षरं.

लहानपणी ताईने बिस्किट दिलं की बारक्या त्याचा कोपरा मोडून आधी तिच्या तोंडात घालायचा. घेतलेल्यातलं थोडं परत करायची त्याची खोडच होती. ते कणभर नाणं बघून ताई हसली. "मेल्याची सवय अजून गेली नाही." तिने त्याच नोंदीतला पत्ता उचलला. मग बारक्याच्या निरोपातल्या पत्त्याशी ताडून पाहिला. पुढचं टोक जुळलं, मागचं टोक जुळलं. जन्मभर ती कापड असंच जोडत आली होती. दोन्ही टोकांना टाचण्या लावायच्या, मधलं आपोआप बसतं. तिने बटण दाबलं.

थोड्या वेळाने बारक्याचा फोन आला. "ताई, पाठवतेस ना?"

"कधीच पाठवलं! तू ते कणभर परत केलंस ना, तिथेच."

पलीकडे वेल्डिंगचा आवाज येत होता. मग बारक्या म्हणाला, "मी कुठे काय परत केलं?"

ताईने तुमच्या ऑफिसला लिहिलं, मालक. उत्तर आलं की पत्ता तपासणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. खाली हसरा चेहरा होता. पडद्यामागून नवरा म्हणाला, "गिऱ्हाइकाचा काज तीनदा मोजतेस, आणि हे नाही बघितलंस?" बारक्याने शिवी दिली नाही. "ताई, जेवलीस का?" एवढंच विचारलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते घर दुसऱ्या कुणी घेतलं. त्याची मुलगी अजून फोनवर विचारते, "बाबा, आपलं झाड आहे ना तिथे?"

आता ताई मला उघडत नाही. मोबाइलच्या कोपऱ्यात मी रिकामा पडून आहे. मध्यंतरी तुम्ही मला नवे रंग दिलेत, मालक. टिंबं तशीच आहेत.

मित्रांनो, माझं ऐका. नाणी पाठवायची तर पत्ता जुन्या नोंदींतून उचलू नका. ज्याला पाठवायचं त्याच्याकडूनच घ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याला मोठ्याने वाचून दाखवा. आधी चिमूटभर पाठवून पाहिलंत, तर पुढचं सगळं त्याच तपासलेल्या पत्त्यावर पाठवा. न मागता काही आलं तर त्याला हात लावू नका. आणि बारा शब्द ताईसारखे जपा.

पण मालक, मुलांनी किती म्हणून जपायचं? ताई जपतच होती. तुम्ही तिला दोन टोकं दाखवलीत आणि मधलं बघायला हवं होतं म्हणालात. जे तुम्ही झाकलंत ते तिने कसं बघायचं होतं? त्या मुलीने काचेच्या खोलीत सांगितलं तेव्हा तुम्ही का ऐकलं नाहीत? आणि आज, सगळं कळल्यावरही, ती टिंबं का काढत नाही?

उत्तर द्या. पूर्ण द्या, मधलं काही न कापता.