गोड आणि तरी ठाम

दारातच फाइलींनी भरलेलं खोकं पडलं होतं. ते ओलांडून ती हिशेब विभागात शिरली. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या या कारखान्याचा खर्च कुठे कमी करता येईल, याचा अहवाल तिने केव्हाच दिला होता, पण फीचा पत्ता नव्हता. फोन झाले, ईमेल झाले. एकटीने काम करणाऱ्या सल्लागाराला लोक गृहीतच धरतात. आवाज चढवायचा नाही, पण पैसे घेतल्याशिवाय उठायचंही नाही, असं तिने वाटेत घोकलं होतं.

चारपैकी तीन टेबलं रिकामी होती. चौथ्यामागे पिकल्या केसांच्या बाई बसल्या होत्या.

"तुम्हीच ना त्या स्मरणपत्रंवाल्या मॅडम?" त्या हसल्या. "बसा. चेक तयार आहे, साहेबांची सही तेवढी राहिलीय. पाणी घ्या."

एवढं सोपं? घोकलेली सगळी वाक्यं वायाच गेली. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं,

"बाकीचे जेवायला गेलेत?"

"छे हो, त्यांना नारळ मिळाला. माझाही आज शेवटचाच दिवस. हिशेबाचं काम आता बाहेर द्यायचं ठरलंय."

ग्लास ओठांशीच थांबला. 'हिशेब विभाग बंद करून काम बाहेर द्यावे.' वाक्य तिचंच होतं. घरी बसून, आकड्यांच्या तक्त्यावरून लिहिलेलं. या खोलीत तिने आज पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं.

"ते कोणी सुचवलं, ठाऊक आहे तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

"तर! अहवालाच्या प्रती मीच काढल्या ना." बाई हे पाण्याचं विचारावं इतक्या सहज बोलल्या. तिने ग्लास खाली ठेवला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"रागावणार नसाल तर एक सांगू? आमचा चौघांचाही पगार अडकलाय. मागायला गेलं की मला रडूच फुटतं, नाहीतर तोंडातून भलतंच निघतं. तुमची पत्रं कशी, गोड आणि तरी ठाम! तसं एक आम्हाला लिहून द्याल?"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. मालक पेन हातात घेऊनच बाहेर आले.

"अरे वा, मॅडम! आणा तो चेक, सही करून टाकतो. तुमच्यामुळे केवढा खर्च वाचला आमचा!"

बाईंनी चेक पुढे केला. तिने तो मधेच अडवून टेबलावर पालथा ठेवला.

"जरा थांबाल, साहेब? तुम्हाला एक पत्र द्यायचंय."

रिकाम्या टेबलाची खुर्ची ओढून ती कॉम्प्युटरपुढे बसली. तिच्या प्रत्येक स्मरणपत्राची पहिली ओळ ठरलेली होती, तोंडपाठ. 'आपल्यासोबत काम करताना आनंद झाला.'

बोटं कळफलकावर टेकली होती. मालक बघत उभे होते. ती ओळ काही तिच्याने लिहवेना.