डाव्या चाकाचं वंगण

ब्रेकचं नाव काढू नका माझ्यापुढं. एका चाकानं आख्खा हिवाळा माझं रगत आटवलं, आणि त्ये चाक तरी माझ्या बापाचं न्हवं, गुरप्पाशेठचं. मी नुसता ड्रायव्हर. गाडी थांबली तर शेठची, न्हाय थांबली तर ह्या कुंडलिकची, असा सगळा न्याय.

शेठचं सोलापुरात चादरीचं दुकान. त्येंचं गठ्ठं भरायचं आणि व्हॅन घिऊन मंगळवेढं, अकलूज, श्रीपूर असं दुकानं करत फिरायचं. सकाळी गिरणीच्या भोंग्याला निघायचं, दिवस बुडता परत. गाडी रातभर माझ्याच दारात असती. बोळ एवढा अरुंद की उजवी बाजू पार भिंतीला घासून लावावी लागती, न्हायतर समोरच्या मायाक्काला घरातनं भाईर पडता येत न्हाय. आणि मायाक्काचं तोंड एकदा सुटलं की मग ब्रेक लागत न्हाय, त्ये आणि येगळं.

दिवाळीनंतर पुढच्या चाकांचं लायनर संपलं. चाकाचा लोखंडी ड्रम असतो, त्येला आतनं लायनर घासतं आणि गाडी थांबती, एवढंच त्येचं काम. पुणे नाक्यावर हाशमभाईचं गॅरेज हाय, तितं गेलो. हाशमभाई माणूस चांगला, पण कामात सोवळं लई. त्येनं दोन जातीची लायनरं फळीवर मांडली.

"ये नरम हाय," म्हणला. "आवाज न्हाय करत. पण तुझ्या गठ्ठ्यांच्या वजनाला लवकर पातळ होईल. ये कडक. टिकेल, तापलं तरी पकड सोडणार न्हाय. पण वाजेल. चीं करून बोंबलेल. बोल, कुठलं?"

"वाजू दे," मी म्हणलो. "घरात बी सगळी वाजतातच की."

त्येनं ड्रम लेथवर फिरवून आतनं साफ केलं, लायनर रिव्हेट मारून बसवलं. मी नुसतं बोट लावाय गेलो तर हातावर चापट मारली. "भजी खाऊन आला ना तू? तेलाचा हात नक्को लावू. एकदा लायनर तेल प्यालं की गेलं समज, धुऊन बी उपयोग न्हाय."

गाडी झकास थांबाय लागली. आणि वाजायला बी लागली. बोळाच्या तोंडाला ब्रेक दाबला की डावं चाक असं किंचाळायचं की कुत्री उठून पळायची. सारजा, माझी बायको, कपाळाला हात लावायची. पण सगळ्यात जास्त तरास झाला माझ्या बापाला, आबाला.

आबाचं नाव जोतीराम. जन्म गेला श्रीपूरच्या कारखान्यावर बैलगाडीनं ऊस वाहण्यात. दुष्काळाच्या साली बैलं गेली, गाडी गेली, आई त्येच्या आधीच गेली व्हती. मग मी त्येला सोलापुरात आणला. हितं त्येला काय काम? दारातल्या दगडावर बसायचं आणि बोळातली माणसं मोजायची. बैलांची आठवण काढत न्हवता, त्येचंच मला वाईट वाटायचं.

"कुंडल्या," एकदा जेवताना म्हणला, "चाक कोरडं पडलंय रं तुझं. ऐकवत न्हाय. आमच्यात कुणाचं चाक असं वाजलं तर बाकीचे गाडीवान त्येच्या सात पिढ्या काढायचे."

"आबा, ती मोटार हाय. आवाज करती. जेवा गप."

एवढंच बोललो. दिवसभर त्ये स्टेअरिंग ओढून खांदं भरून आलेलं असतात, बापाला मोटार समजावून सांगायला अंगात जीव लागतो.

पुढं आपोआप आवाज बंद झाला. मला बरं वाटलं, म्हणलं, लायनर बसलं आता. पण गाडी ब्रेक दाबला की उजवीकडं ओढाय लागली. डावं चाक धरंचना. हाशमभाईनं उघडून बघितलं तर लायनर तेलकट झालेलं. "सील गेलं असंल, आतलं तेल गळतंय," म्हणला, सील बदललं, नवं लायनर टाकलं. परत चीं चीं सुरू झालं, परत थोड्या दिवसांनी गप, परत गाडी उजवीकडं. मग आतल्या सिलिंडरची रबरं बदलली. तरी त्येच रडगाणं. उजवं चाक ठणठणीत, डावंच तेवढं तेल प्यायचं. हाशमभाई माझ्यावर खेकसायला लागला, मी त्येच्यावर.

शेठ कशाला गप बसतील? एक दिवस गादीवरनंच म्हणले, "येनप्पा, काय रे कुंडलिक, नवीन लायनर विकून जुनंच बसवतोस की काय?"

दुकानातली सगळी माणसं बघत व्हती. मला असं झालं की चावी तितंच फेकावी. पण फेकून जाऊ कुटं? चोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला नाक्यावर कोण उभं करतंय? सगळी एकमेकाला वळखतात.

त्येच आठवड्यात अकलूज रोडला उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली व्हती. समोरनं एक गाडी रस्त्याच्या मधोमध आली, मी ब्रेक दाबला आणि व्हॅन सरळ उजवीकडं, बैलांच्या तोंडावर. दोन्ही पायांनी दाबून धरला. थांबली, पण बैलाचं शिंग हेडलाईटला लागून काच फुटली. गाडीवान म्हातारा व्हता. शिव्या द्यायचं सोडून बैलाच्या कपाळावरनं हात फिरवत बसला. मला लई मेल्यागत झालं.

फुटकी काच बघून शेठ म्हणले, "आता शेवटचं. परत गाडी अशी आली तर चावी हितं ठेवायची आणि घरी बसायचं."

तसाच गॅरेजला गेलो. हाशमभाईनं चाक उतरवलं, ड्रम काढला. आत काळी चिकट राड. त्येनं बोटावर घेतलं, चोळलं, त्येला काय उमजेना. "ब्रेक ऑइल न्हाय. ग्रीस बी न्हाय. क्या है ये?"

मी वाकलो आणि वास आला. एरंडेल, आणि त्यात जाळलेल्या काडाची काजळी. ह्यो वास मी झोपेत बी वळखीन. लहानपणी मी उसाच्या गाडीवर ह्याच वासात झोपायचो. चाकाच्या मागच्या पत्र्याला ब्रेक टाईट करायचं एक भोक असतं, त्येचं रबरी बूच पडलं व्हतं आणि भोकाच्या कडेला तागाचा काळा धागा चिकटला व्हता. गाडी तितंच ठेवली. तसाच घरी निघालो.

आबा दगडावर बसला व्हता.

"आबा, गाडीच्या चाकाला तुमी काय लावता?"

म्हातारा खुशीत आला की! आत गेला, आपल्या गाठोड्यातनं वेळूचं नळकांडं काढून आणलं, आत तेलात भिजलेला तागाचा बोळा. गाडी विकली, बैलं विकली, ह्ये वंगणाचं नळकांडं तेवढं जपून ठेवलेलं. "व्हय की. पहाटं तू उठायच्या आत घालतो. मागं तेलाचं भोक हाय त्येला. भिंतीकडच्या चाकापतूर हात पोचत न्हाय, म्हणून ह्ये एकच. कसं गप झालं बघ!"

माझं डोकंच फिरलं. "मला मारायला निघालाय व्हय तुमी?" असा वरडलो की मायाक्का भाईर आली. आबाला काय कळंना. नळकांडं छातीशी धरून नुसता बघत ऱ्हायला. मग मलाच रडू यायला लागलं. राग तरी कुणावर काढायचा? त्येचा हात धरला आणि गॅरेजला घिऊन गेलो.

हाशमभाईला सांगितलं तर त्येनं पहिल्यांदा कपाळ बडवून घेतलं. मग म्हाताऱ्याला टायरवर बसवलं, चहा मागवला. ड्रम पुढं ठेवून, लायनर त्येला आतनं घासून दाखवलं. "देखो चाचा. ये ह्येला घासतं, म्हणून गाडी थांबते. घासलं की आवाज करणारच. तेल घातलं की घसरतं. मग थांबेल कशी?"

आबा बराच वेळ बघत व्हता. लायनरवरनं बोट फिरवलं, ड्रममधनं फिरवलं.

"तुमची गाडी कशी थांबायची, चाचा?"

"चाकाचं काम फिरायचं," आबा म्हणला. "थांबायचं काम बैलांचं. मी 'होऽ' करून हाक द्यायचो, ती थांबायची." मग त्येनं लायनरवर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. "ह्येच्यात बैलं ह्ये हायत व्हय रं?"

"व्हय, आबा."

"म्हंजे मी रोज पहाटं तुझी बैलं सोडून देत व्हतो."

चहा तसाच निवला. मी म्हणलो, जाऊ द्या आबा, झालं त्ये झालं. पण त्येनं ऐकलं न्हाय.

शेठला काय सांगायचं ह्येचा मी रस्त्यानं विचार करत व्हतो. सीलवर ढकलावं असं मनात व्हतं. बापाचं नाव कशाला घ्यायचं चार माणसांत? पण आबा घरी जायला तयारच होईना. माझ्यासंगं दुकानात आला, पायताण भाईर काढलं, आणि त्ये नळकांडं शेठच्या गादीवर पांढऱ्या चादरीवर ठेवलं.

"मालक, चाकात तेल मी घातलं. पोरगं चोर न्हाय. चावी काढून घ्यायची असली तर ह्ये काढून घ्या."

शेठ अक्कलकोटाकडचे, त्येंच्या घरी बी बैलं व्हती एका काळी. त्येंनी नळकांडं उचललं, बूच काढून वास घेतला. मला चोर म्हणलेलं परत घेतलं असं बी न्हाय. शेठ लोकांना त्ये जमत न्हाय. नुसतं नळकांडं गल्ल्याच्या बाजूला ठेवलं आणि म्हणले, "उद्या मंगळवेढ्याचं गठ्ठं हाईत. येळंवर ये."

नवं लायनर बसलं, चाक परत किंचाळाय लागलं. हाशमभाई म्हणला, "कडा थोड्या घासून देऊ का? आवाज कमी होईल." मी ह्ये घरी सांगितलं.

"नगं," आबा म्हणला. "वाजू दे."

आता पहाटं त्येला काय काम उरलं न्हाय. हात चोळत बसतो, मला बघवत न्हाय. पण दिवस मावळायला त्यो दारातल्या दगडावर येतो आणि बोळाच्या तोंडाकडं कान लावून बसतो. मी दमूनभागून येतो, ब्रेक दाबतो, चाक बोंब मारतं, मायाक्का शिव्या देती. आणि त्या सगळ्या कालव्यात आबाचा आवाज येतो.

"सारजा, टाक भाकरी. थांबला त्यो."