मोरीच्या भिंतीचे पोतेरे

मित्रांनो, मोरीच्या खिळ्याला वाळत पडलेले हे जुने पोतेरे म्हणजे मी. पोतेरे म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आता सांगावे लागेल. मातीच्या घरात जमीन शेणाने सारवायला आणि भिंती पांढऱ्या मातीने पोतारायला जे फडके लागते, ते पोतेरे. माझ्याकडे बघून कुणी नाक मुरडले तर मला राग येत नाही. मी तसाच दिसतो.

पण मी जन्मापासून असा नव्हतो. आधी मी हिरवे सुती पातळ होतो, लाल काठाचे. बेल्ह्याच्या पलीकडे एका वस्तीवर संपत आणि सरूबाई या नवराबायकोने दोन खणांचे घर बांधले. गवंडी लावायची ऐपत नव्हती. दोघांनी मातीत भुसा मिसळून पायांनी गारा तुडवला आणि थरावर थर चढवत भिंती उभ्या केल्या. वर पत्रे टाकले. त्याच वर्षी संपतने बेल्ह्याच्या बाजारात गोऱ्हा विकला आणि येताना मला आणले.

सरूबाईने मला काठ विरेपर्यंत नेसले. आरती जन्मली तेव्हा माझी झोळी झाली. मग काही वर्षे मी वाकळेचे अस्तर होतो. वाकळ फाटली तेव्हा सरूबाईने मला उसवून काढले, दाताने टोक धरले आणि टरकन फाडले. त्याचे मला वाईट वाटले नाही. नायलॉनचे पातळ पाणी धरत नाही, ते शेण नुसते पुढे ढकलते. सुती कापड झिजून झिजून मऊ झाले की मगच त्याचे चांगले पोतेरे होते.

तेव्हापासून माझी खरी कामाची वर्षे सुरू झाली. सरूबाई ओढ्याच्या दरडीतून पांढरी माती आणी. रात्रभर भिजवून, चाळून, तिच्यात चिमूटभर नीळ टाकी. भिंत अशी उजळे की दिवा लावावा वाटू नये. खाली वीतभर लाल कावेचा पट्टा ओढी आणि त्यावर अंगठ्याने पांढरे ठिपके देई. फुटक्या बांगड्यांचे तोरण दारात होते. तेलाचे डबे कापून, कावेने रंगवून त्यांत तुळस आणि सब्जा लावला होता. या सगळ्याला पैसा असा लागलाच नव्हता. दिवाळीला वस्तीवरच्या बायका येऊन म्हणत, "सरूबाई, तुझ्या भितीवर हात फिरवावा वाटतोय बघ."

एक गोष्ट मात्र त्या बायकांनाही माहीत नव्हती. सरूबाई उजव्या हाताने मला भिंतीवरून फिरवी, तेव्हा तिचा डावा हात माझ्या पुढे चाले. तो रिकामा असे. तळहात भिंतीला टेकवून ती आधी सगळे चाचपून घेई. कुठे पोकळ वाजते, कुठे भुगा सुटतो, कुठे वाळवीची रेघ चढली आहे, कुठे घुशीने उकरले आहे. काही लागले की त्याच दिवशी ओल्या मातीचा गोळा त्यात ठोकायचा, वरून मी फिरायचो. माझ्या आधीची फडकी धरून पंचवीस वर्षे असे चालले. पंचवीस वर्षे ते घर ताठ उभे राहिले.

मागच्या बाजूला मोरी होती. ती भिंत सर्वांत नाजूक. सरूबाई दर पंधरा दिवसांनी तिला हात लावी. योजनेचा नळ आला तेव्हा तो त्याच भिंतीला लागून बसला आणि वर्षभरात त्याच्या पाइपचा जॉइंट गळू लागला. थेंब थेंब पाणी, थेट भिंतीच्या पायाशी.

"अवं, तेवढा जॉइंट बघा की," सरूबाई म्हणे.

"बघतो," संपत म्हणे. आठ दिवसांनी त्याने त्याच्याभोवती प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि सुतळीने बांधली. त्या दिवसापासून थेंब पिशवीच्या आतून गळू लागले. दिसेनासे झाले, एवढाच काय तो फरक.

आरती शिकली. कॉलेज झाले, शिवणकाम शिकली. तिला स्थळे येऊ लागली. पहिल्या स्थळाची माणसे चहा पिऊन, हसूनखेळून गेली आणि चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण घर अजून मातीचेच आहे. आरती त्या दिवशी जेवली नाही. सरूबाई जमीन सारवत होती, तर ती दारातून म्हणाली, "आई, बास कर ते. शेणाचा वास येतोय माझ्या कपड्यांना."

मी तिची झोळी होतो हे तिला माहीत नव्हते. कुणी सांगितलेच नव्हते.

दुसरे स्थळ निरगुडसरचे आले. या वेळी आरतीने फोनवर संपतला एक चित्र दाखवले. प्लॅस्टिकचे चकचकीत पॅनेल, संगमरवरासारख्या रेघांचे. भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांवर पॅनेल बसवायचे.

"आबा, दोन दिवसांत हुतंय. पक्क्या घराच्या मानानं काहीच खर्च न्हाई. आपलं घर वळखू यायचं न्हाई."

संपतला ते पटले. लेकीचे लग्न मोडायचे कारण आपले घर होऊ नये, एवढेच त्याच्या मनात होते. त्याला मी दोष देत नाही.

सरूबाई म्हणाली, "बसवा. पर मोरीच्या भितीला नगा. खालच्या अंगाला गार लागतंय."

"तुला भर वैशाखात बी गार लागतंय," संपत म्हणाला. "वाकळ पांघर." आरती हसली. सरूबाईही थोडे हसली.

आळेफाट्याच्या पेठेतून बंटी माप घ्यायला आला. त्याचे वडील कांतीलालशेठ पूर्वी लोखंडी पेट्या विकत, आता त्याच दुकानात बंटीने पॅनेल ठेवली होती. मुलगा सरळ होता. त्याने भिंतीवर बोटाने वाजवून पाहिले आणि विचारले, "संपतभाऊ, मागं ओल न्हाई ना? ओल आसंल तर आत्ता नको. आधी सुकू द्या."

"खडखडीत हाय. माझ्या हातची भित हाय ही."

"वहिनींना इचारा एकदा. घर सारवणाऱ्याला कळतं."

"तिला काय इचारायचं राव? ती काय इंजिनेर लागून गेली?"

बंटीबरोबरचे दोघे कारागीर हसले. सरूबाई आत चहा गाळत होती. मी चुलीपाशी होतो. तिने गाळणी झटकली, पाच कप भरले आणि बाहेर नेऊन ठेवले. मित्रांनो, संपतने त्या भिंती बांधल्या होत्या हे खरे. पण बांधल्यापासून एकदाही त्याने त्यांना हात लावला नव्हता.

दोन दिवसांत चारी भिंती झाकल्या. जमिनीवर फुलांचे प्लॅस्टिक अंथरले. घर खरोखर ओळखू येईना. चुलीपाशी तेवढी जमीन सारवलेलीच राहिली.

निरगुडसरचे पाहुणे आले. मुलगा मोहित, त्याचे आईवडील, एक मामा. पुरुष पॅनेलकडे बघून "छान केलंय" म्हणाले आणि बटाट्याच्या भावाकडे वळले. मोहितची आई पाणी प्यायला म्हणून आत आली. तिने जमिनीकडे पाहिले आणि चपला नसलेला पाय त्या सारवणावर हलकेच फिरवला.

"सारवण कुणाचं वो?"

"माझंच," सरूबाई ओशाळून म्हणाली.

"हात बसलाय तुमचा. आमच्याकडं समदी फरशी. पाय ठणकत्यात नुसतं. तुमच्या लेकीला येतंय का असं?"

लग्न ठरले. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला. पाहुणे गेल्यावर संपत पॅनेलवर थाप मारून म्हणाला, "बघितलंस? कशी काम करून गेली!" मोहितची आई काय म्हणाली ते सरूबाईने त्याला सांगितले नाही.

त्यानंतर मला काम उरले नाही. चुलीपुढची हातभर जागा आठवड्यातून एकदा, बाकी दिवस मोरीच्या खिळ्यावर. मी कडक होऊन गेलो. तिथून मला ती पिशवी दिसे. थेंब पडे, माती पिई. थेंब पडे, माती पिई. दर पंधरा दिवसांनी जो हात फिरायचा तो आता फिरत नव्हता, कारण आतून पॅनेल होते आणि मोरीच्या बाजूनेही कारागिरांनी उरलेली पॅनेल ठोकून दिली होती. भिंतीला हात लावायला जागाच राहिली नव्हती.

आषाढात पॅनेलच्या सांध्यातून वाळवीची बारीक नळी बाहेर आली. सरूबाईने ती नखाने खरवडली. मग एक आवाज येऊ लागला, कुणी सुपात बाजरी घोळवावी तसा. पॅनेलच्या मागे माती सुटून खाली पडत होती.

"अवं, आत माती झडतीय. एक पॅनेल काढून बघू का?"

"लग्नापत्तोर हात लावू नको त्याला. एक काढलं तर समदी ओळ ढिली हुती."

ती ऐकत आली होती, याही वेळी तिने ऐकले.

श्रावणात एका सोमवारी संपत बेल्ह्याच्या बाजाराला गेला होता. दुपारची वेळ. आमच्याकडे पाऊस तो किती, त्या दिवशी तर नुसती भुरभुर होती. आरती मोरीच्या भिंतीला पाठ लावून मशिनवर आपल्या रुखवताचे रुमाल शिवत होती. मशिन थांबले की भिंतीतला आवाज ऐकू येई. सरूबाई चुलीपाशी उठून उभी राहिली. मोरीत आली आणि तिने मला खिळ्यावरून काढले, बादलीत बुडवले, पिळले. तीन महिन्यांनी मी पुन्हा भिंतीच्या कामाला निघालो. मला बरे वाटले, हे सांगायला आज लाज वाटते.

तिने आत जाऊन खुरप्याने सर्वांत खालचे पॅनेल उचकटले आणि डावा हात आत घातला. हात कोपरापर्यंत गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत ओली कणीक असावी तशी माती होती.

"आरते, ऊठ."

"आई, एवढी शिलाई..."

"ऊठ म्हणते ना! आदी बाहीर हो."

"काय झालं पर?"

"इचारू नको. हो बाहीर!"

आरती उठली, घाबरून दाराकडे गेली. सरूबाईनेही तिच्यामागे जायला हवे होते. पण मित्रांनो, पंचवीस वर्षे भिंतीत भोक दिसले की ते त्याच घटकेला बुजवायचे, एवढेच तिच्या हातांना माहीत होते. तिने मातीचा गोळा केला, तो माझ्यात गुंडाळला आणि मला त्या पोकळीत दाबून धरले. दोन्ही हातांनी. तिचा सगळा भार माझ्यावर होता. मला तिच्या नाडीचे ठोके कळत होते.

मी पोतेरे आहे. मला भिंत तोलता येत नाही.

वरून काहीतरी सरकले. दारातून आरतीने "आई!" म्हणून हाक मारली. मग अंधार झाला.

शेजारचे गेणभाऊ आणि आणखी चार जण फावडी घेऊन धावले. पॅनेल आधी बाजूला झाली, ती हलकीच होती. माती जड होती. सरूबाईला बाहेर काढले तेव्हा मी तिच्या मुठीत होतो. गाडी आळेफाट्याला पोचायच्या आधीच ती गेली. तिची मूठ सोडवून गेणभाऊंनी मला परत त्या खिळ्याला लावले. तो खिळा मोरीच्या खांबावर होता, म्हणून वाचला होता.

माणसे भेटायला येत आणि म्हणत, "पावसानं भित पडली." संपत मान हलवी. नळाभोवतीची पिशवी अजून तशीच होती. चौथ्या दिवशी त्याने तिच्याकडे पाहिले. सुतळी सोडली. आतले साठलेले पाणी त्याच्या पायावर सांडले. तो तिथेच खाली बसला. त्यानंतर कुणी पाऊस म्हटले की तो मान हलवीत नसे.

सुतक फिटायच्या दिवशी घर सारवावे लागते. वस्तीवरच्या बायका शेण घेऊन आल्या, पण आरती म्हणाली, "मी सारवते. आईचं पोतेरं कुठाय?" तिने जमिनीवरचे प्लॅस्टिक गुंडाळून ठेवले आणि मला स्वतःच खिळ्यावरून काढले. तिला सारवता येत नव्हते. कुठे जाड, कुठे पातळ, मध्येच बोटांचे फराटे. एका म्हातारीने पुढे होऊन दाखवायचा प्रयत्न केला, तर दुसरीने तिला हाताने मागे ओढले.

जमीन सारवून झाल्यावर आरतीने समोरच्या भिंतीचे खालचे पॅनेल ओढून काढले. आत जुनी पांढरी माती होती. कावेचा पट्टा होता. त्यावर सरूबाईच्या अंगठ्याचे ठिपके एका ओळीत होते. आरतीने मला उजव्या हातात धरले आणि रिकामा डावा तळहात भिंतीला टेकवला. हे तिला कुणी शिकवले नव्हते. लहानपणी तिने ते नुसते बघितले असणार. कोपऱ्याशी तिचा हात थांबला.

"आबा, हिकडं या."

संपत आला.

"हिथं हात लावा."

"कशाला?"

"लावा तर."

त्याने तळहात टेकवला. स्वतः बांधलेल्या भिंतीला पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा. त्याने हात तसाच ठेवला. मग म्हणाला, "गार हाय."

त्या दिवशी त्याने उरलेली सगळी पॅनेल काढली आणि मोरीचा नळ भिंतीपासून दूर नेला. लग्न पुढे ढकलले आहे. निरगुडसरच्या माणसांनी स्थळ मोडले नाही. पत्र्याला दोन टेकू दिले आहेत. आरती दर पंधरा दिवसांनी मला भिजवते. तिचा हात अजून बसलेला नाही.

मित्रांनो, घर सजवा. स्वस्तात सजवा, मनासारखे सजवा, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण भिंत झाकण्याआधी तिला एकदा तळहात लावा. आणि तुमच्या घरात जिचा हात रोज त्या भिंतीवरून, जमिनीवरून, भांड्यांवरून फिरतो, ती "इथे गार लागतंय" म्हणाली, तर हसू नका. तिच्या हाताशेजारी तुमचाही हात टेकवा. संपतने तो टेकवला, पण तेव्हा शेजारी सरूबाईचा हात नव्हता.