कोर्टात गेलेले पातेले

मित्रांनो, सोलापूरच्या एका खानावळीतले तांब्याचे पातेले साक्षीसाठी कोर्टात गेले होते, असे सांगितले तर तुम्ही हसाल. पण ते पातेले मीच.

साल १९२६. रंभाबाईंना गिरणीतल्या कामगारांसाठी खानावळ काढायची होती. शेजारच्या सारजाबाईंनी पाटल्या मोडून दीडशे रुपये दिले. कागद कोणीच केला नाही. त्या पैशांतून मी आले आणि रंभाबाईंनी आपण होऊन माझ्या काठाखाली कोरून घेतले : 'सारजाबाईकडून उसने रु. १५०. रंभाबाई.'

पाळी सुटली की कामगार पंगतीला बसत. "मावशी, आमटी लई झ्याक हाय," असे कोणी म्हटले की मला धन्य वाटे.

हिशेब मात्र रंभाबाईंचा पुतण्या हिंदुराव पाही. दोन वर्षांनी सारजाबाई पैसे मागायला आल्या, तर तो म्हणाला, "कसलं देणं? कागद दाखवा." त्याला न अडवता रंभाबाई चुलीकडे वळल्या. सारजाबाईंना ते फार लागले. त्यांनी दावा लावला. वकिलांनी पुरावा मागितला, तेव्हा त्यांना मी आठवले.

पातेले हजर करण्याचा हुकूम आला. हिंदुराव कानस घेऊन बसला. "अक्षरं घासून टाकतो, काकी."

रंभाबाईंनी कानस काढून घेतली. "तिनं पाटल्या मोडल्या तवा तू कुटं होतास? जा, टांगा आण."

कोर्टात कारकुनाने माझ्या कडीला चिठ्ठी बांधली. "निकालापर्यंत भांडं इथंच राहील."

रंभाबाईंचा चेहरा उतरला. खानावळीत दुसरे मोठे भांडे नव्हते. संध्याकाळी पंगतीला काय वाढायचे?

सारजाबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझं पातेलं ने. घरी रिकामंच हाय."

"दावा तूच लावलास की."

"दावा पैशाचा हाय. जेवणारी माणसं का उपाशी ठेवायची?"

रंभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पुढच्या तारखेला त्यांनी देणे कबूल केले. मुन्सफसाहेबांनी हप्ते बांधून दिले आणि ते सगळे फिटले.

मित्रांनो, आता माझी कल्हई उडाली आहे, बूडही झिजले आहे. अडगळीत पडून मी एवढेच म्हणते, की अडीनडीला धावून आलेल्याचे पैसे वेळेवर द्या. आणि भांडण कोर्टापर्यंत गेलेच, तरी समोरच्याची चूल पेटली आहे ना, तेवढे विचारायला विसरू नका.