चार पानांचं स्वागत

वास्तुरचना शिकवावी कशी, यावर बोलायला चौदा देशांतले साठ शिक्षक कॉलेजात जमणार होते, आणि त्यांच्या स्वागताचं भाषण ग्रंथपालांनी करावं असं ठरलं. भाषण खरं तर प्राचार्यबाईंचं. पण आदल्या दिवशी त्यांचा घसा बसला आणि डॉक्टरांनी आठवडाभर अवाक्षरही काढायला बंदी केली. मग डिझाइनच्या विभागप्रमुखांचं नाव निघालं, त्याला बांधकामाच्या विभागप्रमुखांनी हरकत घेतली. बांधकामवाल्यांचं नाव निघालं, त्याला डिझाइनवाल्यांनी. दुपारपर्यंत सगळ्या नावांवर फुल्या पडल्या आणि ज्याच्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नाही असा एकच माणूस उरला. एकोणतीस वर्षं नोकरी करून कोणाचंच काही म्हणणं नाही, ही ग्रंथपालांची आयुष्यभराची कमाई होती. ती अशी अंगाशी आली.

बाईंनी चिठ्ठी लिहून दिली : 'पाचच मिनिटं. मंडळी एकमेकांना ओळखत नाहीत. तेवढं अवघडलेपण मोडा.'

म्हणजे बुडत्याला काढायला दगडाला पाठवण्यातलाच प्रकार.

ग्रंथपालांनी आजवर एकच भाषण केलं होतं, मेहुण्याच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात. ते उभे राहिले, 'मित्रहो' म्हणाले आणि खाली बसले. लोकांना आधी वाटलं, काही पडलं असेल, ते शोधताहेत. तेव्हापासून मेहुणा त्यांना त्याच नावानं ओळखायचा. फोनवर आपल्या बहिणीला, म्हणजे ग्रंथपालांच्या बायकोला, विचारायचा, "आमचे मित्रहो आहेत का घरात?" उद्या पुन्हा तसंच झालं तर हे नाव चौदा देशांत जाईल, या धास्तीनं ग्रंथपालांनी जेवण अर्धंच टाकून कागद ओढले.

त्यांनी भाषण लिहून काढलं. ठळक अक्षरात, मराठीखाली इंग्रजी देत, चार पानं झाली. बायकोला वाचून दाखवायला ओट्यापाशी उभे राहिले आणि तिसऱ्या वाक्याला घशात बूच बसलं.

"अहो, एवढं काय त्यात?" ती म्हणाली. "पाहुणे आलेत, त्यांना 'या, बसा' म्हणायचं. आपल्या दारात कोणी आलं तर तुम्ही काय करता?"

"पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जातो."

"तेही खरंच म्हणा," असं म्हणून ती पुन्हा भाजी चिरायला लागली.

संमेलन भरलं ज्युरीच्या हॉलमध्ये, कारण तेवढी मोठी खोली दुसरी नव्हती. ज्युरी म्हणजे वास्तुरचनेच्या कॉलेजांतली जगभरची रीत. मुलांनी आपली ड्रॉइंगं भिंतभर लावलेल्या सॉफ्टबोर्डवर टाचायची, शेजारी हात बांधून उभं राहायचं, आणि शिक्षकांनी जवळ येऊन सालटी काढायची. हॉल आणि ग्रंथालय यांच्यात एकच भिंत होती, त्यामुळे एकोणतीस वर्षांची सालटी ग्रंथपालांनी कानांनी ऐकली होती.

सकाळी दहा वाजता साठ शिक्षक साठ अनोळखी माणसांसारखे बसले होते. प्रत्येकानं शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती, म्हणजे तिथं कोणी बसू नये. ग्रंथपाल पुढे गेले. "मित्रहो," ते म्हणाले, आणि बूच बसलं.

कोणीतरी खोकलं. बाई कडेला उभ्या होत्या, पण त्यांना तर बोलायचीच बंदी. खाली बसावं तर मागे खुर्चीही नव्हती. मागे होता सॉफ्टबोर्ड, आणि त्यावर मुलांनी सोडून दिलेल्या टाचण्या. बोबडी वळलेली मुलं काय करतात ते ग्रंथपालांना माहीत होतं. त्यांनी पाठ फिरवली, चारही पानं एका ओळीत टाचली, आणि शेजारी हात बांधून उभे राहिले.

पुढच्या रांगेतल्या एका उंच, वयस्कर बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. त्या उठल्या, बोर्डापाशी आल्या, हात मागे बांधून वाचू लागल्या. सवय, दुसरं काय. त्यांच्या मागोमाग एक टकले गृहस्थ उठले. मग खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज झाला.

"आत शिरायला वाटच नाही," उंच बाई म्हणाल्या. "स्वागत तिसऱ्या पानावर. तोवर माणूस बाहेर उभा."

"पहिली दोन पानं हा व्हरांडा आहे," टकले म्हणाले. "मला व्हरांडा आवडतो."

"तुम्ही अजून व्हरांडेच शिकवता?"

"तुमच्याकडे माणसं थेट स्वयंपाकघरात शिरतात वाटतं?"

तिघंजण हसले. ते तीन वेगवेगळ्या देशांचे होते.

"ही मधली जागा कोरी का?" एका तरुण शिक्षिकेनं थेट ग्रंथपालांना विचारलं.

ज्युरीत विचारलं की उत्तर द्यावं लागतं. "तिथं पाणी प्यायचं होतं," ग्रंथपाल म्हणाले.

"म्हणजे विचार करून सोडलीय," ती मागे वळून सगळ्यांना म्हणाली.

"आणि शेवटी हे बावीस जणांचे आभार?" टकल्यांनी लाल पेन्सिल काढली. "एवढे खांब कशाला? निम्मे काढा."

"एकही काढता येणार नाही," ग्रंथपाल म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "एक काढला तर उद्या चहा येणार नाही, एक काढला तर तुमच्या खोल्यांत चादरी येणार नाहीत. सगळ्यांवर भार आहे."

टकल्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

प्राचार्यबाईंनी ग्रंथपालांच्या हातात चिठ्ठी सरकवली : 'वीस मिनिटं झाली. थांबवू का?' पाठोपाठ दुसरी आली : 'नको.' डिझाइनचे आणि बांधकामाचे विभागप्रमुख दुसऱ्या पानापाशी एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. ते मात्र रोजचंच होतं. चौदा देश लाल पेन्सिली घेऊन दाटीवाटीनं उभे होते आणि खुर्च्यांवर फक्त पिशव्या उरल्या होत्या.

अखेर उंच बाईंनी निकाल दिला. "कल्पना प्रामाणिक आहे. मांडणी कच्ची. शुक्रवारी, समारोपाला, पुन्हा लावा."

ग्रंथपाल संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती.

"काय झालं?"

"परत करून आणायला सांगितलंय. शुक्रवारी."

"अगंबाई! नापास?"

"तिथं पास असं कोणालाच म्हणत नाहीत."

त्यांनी लाल रेघांनी भरलेली पानं टेबलावर मांडली. तिनं हात पुसले, वाकून पहिलं पान वाचलं.

"आधी हे 'मित्रहो' काढा," ती म्हणाली. "भावाला आयतं कोलीत नको."

"ते राहू दे," ग्रंथपाल म्हणाले. "तेवढंच एक मी कोणी न विचारता बोललो."